चप्पल कधीपासून निसटते? एचआयव्ही आणि मज्जारज्जूचे दुर्मिळ संसर्ग

आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर चपला काढायची जागा आहे. आत येणाऱ्याचे पाय मी नंतर बघते, आधी त्याच्या चपला बघते. पुढचं टोक घासून गुळगुळीत झालं असेल तर तो पाय पुरता उचलला जात नाही, फरफटतो. मग माझा ठरलेला प्रश्न असतो: चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली तर कळतं का?

काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चिठ्ठीवर 'सायटिका' लिहिलेलं, घरच्यांच्या भाषेत 'मणक्यात गॅप'. शेक, पट्टा, मालिश, सगळं करून झालं होतं. मी चपलेचं विचारलं तर त्यांची बायको म्हणाली, "अहो ताई, परवा सराफ्यात यांची एक चप्पल मागेच राहिली. हे दहा पावलं तसेच पुढे. मीच ओरडले."

"हे कधीपासून?"

"गेल्या रविवारी तर स्कूटरला किक मारत होते की!"

त्या दिवशी गुरुवार होता. लघवीचं विचारलं तर ते गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "सकाळपासून झालीच नाहीये."

मी त्यांना एकही व्यायाम दिला नाही. तिथूनच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मणक्यांमधली गादी सरकूनही असं होऊ शकतं, तेव्हाही तितकीच घाई करावी लागते. पण यांच्या मणक्यांचा एमआरआय बऱ्यापैकी निघाला आणि रक्ताचा अहवाल वेगळाच. एचआयव्ही. प्रतिकारशक्ती मोजणाऱ्या सीडी४ पेशी पन्नासच्याही खाली. माहीत होतं का? हो, त्यांना माहीत होतं. गोळ्या दोन वर्षांपूर्वी सोडल्या होत्या. बायकोला माहीत नव्हतं.

एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मज्जारज्जूत जंतू शिरणं ही दुर्मिळ गोष्ट आहे, हे आधीच सांगते. एचआयव्ही आहे आणि कंबर दुखतेय, अशा बहुतेकांची कंबर तुमच्या-माझ्यासारखीच दुखत असते. स्कूटर, खड्डे, जड पोतं, वय. गोळ्या नियमित चालू असतील आणि सीडी४ चांगल्या असतील तर पुढे वाचताना घाबरायचं कारण नाही. हा लेख प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या माणसाबद्दल आहे, आणि त्यातही एका प्रश्नाबद्दल. कोणता जंतू, हे डॉक्टर शोधतील. घरच्यांनी सांगायचं ते इतकंच, की हे किती दिवसांत झालं.

मज्जारज्जू म्हणजे पाठीचा कणा नव्हे. कणा हाडांचा, आणि त्या हाडांच्या नळीतून मेंदूपासून खाली आलेला मऊ दोर म्हणजे मज्जारज्जू. जाडी करंगळीएवढी, लांबी मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटीमीटर. तो माकडहाडापर्यंत जातो असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. तिथून खाली नुसत्या नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा लोंबणारा. डॉक्टरी लॅटिनमध्येही त्याचं नाव 'घोड्याची शेपटी' असंच आहे. ही शेपटी लक्षात ठेवा.

इंदूरकरांना समजवायला मी बीआरटीएस वापरते, म्हणजे शहरातला फक्त बसेससाठी राखलेला रस्ता. २०२५ मध्ये तो काढायचा हुकूम झाला, पण निरंजनपूरहून राजीव गांधी चौकापर्यंतचा तो रेलिंगमधला रस्ता अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मेंदू उत्तरेला धरा. हुकमाच्या बसेस खाली जातात: पाय उचल, लघवी थांबव. खबरींच्या बसेस वर येतात: फरशी गार आहे, चप्पल निसटली. पलासियाला ट्रक आडवा झाला तर विजयनगर, एलआयजी सगळं सुरळीत, पण गीता भवन, नवलखा, भंवरकुआं ठप्प. शरीरातही तसंच. 'बेंबीच्या वर ठीक, खाली सुन्न' असं रुग्ण बोटाने रेघ ओढून दाखवतो, त्यावरून ट्रक कुठे आडवा झालाय ते कळतं. आणि रेलिंगमुळे बसला बाजूने वळसा घालता येत नाही, तशीच ही हाडांची नळी. आत थोडी सूज आली तरी पसरायला जागा नाही. छातीच्या भागात तर नळी सगळ्यात अरुंद.

तळपायावर टोकदार वस्तूने रेघ ओढली की आपला अंगठा खाली वळतो. वरून येणारा हुकूम तुटला असेल तर तो वर उठतो. बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ मध्ये हे सांगितलं. सव्वाशे वर्षांनंतरही ही तपासणी किल्लीच्या टोकाने, फुकटात होते. एमआरआयची तारीख मिळेपर्यंत निदान एवढं तरी करा, असं मला काही जणांना सांगावंसं वाटतं.

आता सीडी४. या पांढऱ्या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे मुकादम. स्वतः फार लढत नाहीत, पण कोणी कुठे जायचं ते ठरवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमक्या त्यांनाच मारतो. २०० च्या खाली गेल्या की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो 'प्रगत' एचआयव्ही आजार. माणूस वरून धडधाकट दिसत असेल, तरीही. १०० च्या खाली आणखी काही जंतूंना मोकळं रान, ५० च्या खाली तर शरीरात वर्षानुवर्षं निजलेले पाहुणेही उठून बसतात. म्हणून या आजारांत डॉक्टर जंतूच्या नावाआधी हा आकडा विचारतात.

आपल्याकडे पहिला संशय टीबीवरच घ्यायचा, आणि हा जंतू सीडी४ फार खाली जायची वाटही बघत नाही. मणक्याचा टीबी इजिप्तच्या ममींमध्येही सापडलाय, आणि लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला आजही त्यांचंच नाव आहे. त्यात मणका किडतो, पू साठतो आणि बाहेरून मज्जारज्जू दाबला जातो. दुर्मिळ प्रकार वेगळा: टीबीची गाठ थेट मज्जारज्जूच्या आत होते, किंवा त्याच्याभोवतीची आवरणं चिकटून नसा जखडतात. याची चाल आठवड्यांची, कधी महिन्यांची. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन, रात्री जास्त दुखणारी पाठ. "तीन महिन्यांपासून जिना चढताना कठडा धरावा लागतो," असं कोणी म्हणालं की माझ्या मनात आधी टीबी येतो.

त्या गृहस्थांचं रविवार ते गुरुवार होतं. हे टीबीचं चालणं नव्हे.

त्यांच्यात निघाला सायटोमेगॅलो विषाणू, थोडक्यात सीएमव्ही. हा कुठून बाहेरून आणलेला नसतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणीच येऊन बसलेला असतो आणि कुणाला पत्ताही नसतो. सीडी४ पन्नासच्या खाली गेल्या की तो उठतो आणि बहुधा डोळ्यांच्या पडद्यावर हल्ला करतो. क्वचित तो त्या घोड्याच्या शेपटीत आणि मज्जारज्जूच्या टोकात शिरतो. कमरेत कळ, दोन्ही पायांत उतरणारी. सायटिका बहुधा एका पायाची असते, हा फरक ध्यानात घ्या. मग काही दिवसांत पाय लुळे पडतात, ताठ नव्हे, लुळे. घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तेवढा भाग बधिर होतो आणि लघवी तुंबते.

यात एक गंमतशीर फसगत आहे. विषाणूंचा संसर्ग असला की पाठीच्या पाण्यात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, सहसा लिंफोसाइट नावाच्या पेशी सापडतात. पू करणाऱ्या जिवाणूंचा असला तर न्यूट्रोफिल. सीएमव्ही विषाणू असूनही इथे न्यूट्रोफिलचा ढीग लावतो, साखर कमी करतो, प्रथिनं वाढवतो. अहवाल वाचणारा म्हणतो, जिवाणूंचा मेंदूज्वर दिसतोय. पण जिवाणू काही उगवत नाहीत. सीडी४ चा आकडा शेजारी ठेवला तरच कोडं सुटतं. मग पीसीआर तपासणीत विषाणू पकडतात आणि गॅन्सिक्लोव्हिर हे औषध शिरेतून सुरू करतात. लवकर दिलं तर फरक पडतो, तोही आठवड्यांच्या हिशेबाने. दिलंच नाही तर काही आठवड्यांत जीव जाऊ शकतो.

दुसरा निजलेला पाहुणा कांजिण्यांचा. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, विषाणू मात्र जात नाही. मज्जारज्जूच्या शेजारी नसांच्या गाठींमध्ये दडून बसतो. प्रतिकारशक्ती ढिली पडली की एका नसेच्या वाटेने बाहेर येतो, तीच आपली नागीण. नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो, असं माझी आजी सांगायची, आणि गेरूचा लेप लावून नागीण 'बांधायची'. तोंडं जुळून कोणी जात नाही. पण नागीण उलट्या दिशेने, आत मज्जारज्जूकडे गेली तर? ते क्वचित होतं, पण होतं. पुरळ उठल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पाय जड पडायला लागतात. प्रगत एचआयव्हीत तर कधी अंगावर एकही फोड न येता हे घडतं, तेव्हा पाठीचं पाणी तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही. औषध अॅसिक्लोव्हिर, तेही शिरेतून. आणि तरण्या माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. यात चारित्र्याचा प्रश्न कोणी आणू नये. ही रक्ताची तपासणी आहे.

टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. बहुधा मेंदूत गाठी करतो, मज्जारज्जूत फार विरळा. त्याच्यापायी बिचाऱ्या मांजरींना शिव्या बसतात, पण अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजीही तितकीच जबाबदार. सीडी४ कमी असताना एआरटी (एचआयव्हीला रोखणाऱ्या गोळ्यांच्या) केंद्रातून कोट्रायमॉक्साझोलची जी रोजची गोळी देतात, 'ही साधी गोळी कशाला' म्हणून लोक जी डब्यात तशीच ठेवतात, ती या परजीवीला थोपवते. क्रिप्टोकॉकस ही कबुतरांच्या विष्ठेत सापडणारी बुरशी. राजवाड्यासमोर कबुतरांना दाणे टाकणाऱ्या निरोगी माणसाने घाबरू नये. सीडी४ दोनशेखाली असलेल्याने मात्र दाणे दुसऱ्याला टाकू द्यावेत. ती मुख्यतः मेंदूच्या आवरणांवर बसते, मज्जारज्जूत क्वचितच. याशिवाय सिफिलिस, नागिणीच्या कुळातला हर्पिस, मणक्यालगतचा साध्या जिवाणूंचा पू. आणि संसर्गाचं सोंग घेणारा लिंफोमा नावाचा कर्करोगही यादीत असतोच.

सगळ्यात मंद चालीचा आजार मात्र कुठल्याच पाहुण्या जंतूचा नाही, तो खुद्द एचआयव्हीमुळे होतो. मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यांमध्ये बारीक पोकळ्या पडतात. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एड्सने दगावलेल्या ८९ जणांचं शवविच्छेदन करून हे मांडलं, त्यांतल्या २० जणांमध्ये अशा पोकळ्या होत्या. पाय महिनोन्महिने ताठ होत जातात, चाल कात्रीसारखी होते, लघवीची घाई होते. पाठ दुखत नाही, सुन्नपणाची ठळक रेघही नसते. एमआरआय पुष्कळदा साफ येतो.

आणि हे अगदी हुबेहूब कशासारखं दिसतं? बी१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेसारखं. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा. आपल्याकडे तीन-तीन पिढ्यांचे शाकाहारी लोक, दूधही चहापुरतं. मी इंदूरच्या मराठी घरांमध्ये पायांना मुंग्या येणारे जितके बघते, त्यांतल्या पुष्कळांचं बी१२ तळाला गेलेलं असतं. म्हणून एचआयव्ही आहे म्हटल्यावर सगळं त्याच्याच माथी मारू नये. काही इंजेक्शनांनी आटोक्यात येणारी गोष्ट हातची जाते.

तपासण्यांमध्ये लोक एमआरआयला भीत नाहीत, खर्चाला भितात. भितात ते पाठीतून पाणी काढायला. "ताई, पाणी काढलं की कंबर कायमची जाते ना?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. उत्तर मघाच्या त्या मापात आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात. तिथे दोर नाहीच, पाण्यात तरंगणाऱ्या नसा आहेत, त्या सुईसमोरून बाजूला सरकतात. हे पाणी एकूण दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, आणि शरीर दिवसाला साधारण पाचशे मिलिलिटर नवं बनवतं. थोडंसं काढल्याने काही आटत नाही. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, ते खरं. मात्र सीडी४ फार खाली असतील तर आधी मेंदूचा स्कॅन करून आत मोठी गाठ नाही ना, हे बघावं लागतं. त्या थोड्याशा पाण्यात पेशी, साखर, प्रथिनं, टीबीसाठी सीबीनॅट आणि विषाणूंचे पीसीआर, एवढं सगळं बघून होतं.

अहवाल यायला वेळ लागतो आणि दोर तेवढा थांबत नाही. त्यामुळे डॉक्टर कधी दोन-तीन संशयितांची औषधं एकदमच सुरू करतात आणि अहवाल येतील तशी कमी करतात. नातेवाइकांना वाटतं, यांना काही कळत नाहीये म्हणून सगळंच देतायत. तसं नाही. काय चाललंय ते विचारा, पण औषधं अडवू नका. माझी धास्ती उलट बाजूची आहे: एचआयव्हीची तपासणी न करताच 'मज्जारज्जूला सूज' म्हणून दिलेले स्टेरॉइड. काही प्रसंगी तेच योग्य असतं, पण जंतूचा बंदोबस्त न करता दिलं तर जंतूलाच खतपाणी.

मग एआरटी लगेच का सुरू करत नाहीत, असं घरचे विचारतात. एआरटीने सीडी४ वाढतात. इतके दिवस बेशुद्ध पडलेलं सैन्य एकदम उठतं आणि दिसेल तिथे हाणामारी सुरू करतं. ही हाणामारी हाडांच्या बंद नळीत झाली तर सूज कुठे जाणार? म्हणून टीबीचा किंवा क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असेल तर आधी त्याची औषधं देऊन काही आठवडे, साधारण महिना-दीड महिना किंवा थोडं जास्त, थांबतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना एआरटीतलं डोल्युटेग्राविर दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यावं लागतं, कारण रिफॅम्पिसिनमुळे यकृत ते लवकर संपवून टाकतं. "डॉक्टरने चुकून दोनदा लिहिलंय" म्हणून एक गोळी वाचवणारे मी पाहिलेत.

त्या गृहस्थांनी गोळ्या सोडल्या त्याचं कारण औषध नव्हतं. भारतात सरकारी केंद्रांतून एआरटी २००४ पासून मोफत आहे, आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असोत, निदान झालं की लगेच सुरू करतात. त्यांना भीती होती ती केंद्राबाहेरच्या रांगेची. आपला मराठी समाज इथे केवढासा! गणपतीत, लग्नात, हळदीकुंकवाला सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाची चुलत वहिनी त्याच इमारतीत नोकरीला असेल, काय सांगावं? म्हणून ते दुसऱ्या गावाहून गोळ्या आणत, मग महिना चुकला, मग दोन, मग थांबलंच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. कायद्याने रांग आडोशाला जात नाही, हेही मला कळतं.

त्यांच्या बायकोची तपासणी झाली, नकारात्मक आली. ती तीन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही आणि तीनही आठवडे त्यांच्याजवळच होती. दर दोन तासांनी कुशीवर वळवायची. मज्जारज्जूच्या आजारात माणसाला जंतू मारतो तितकंच पाठीवरची जखम मारते, हे तिला आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बधिर कातडीला टोचलेलं कळत नाही, भाजलेलंही कळत नाही. शेकाची गरम पिशवी तिथे अजिबात नको.

गॅन्सिक्लोव्हिर लागू पडलं. दीड महिन्याने त्यांची मांडी गादीवरून उचलली गेली, चार महिन्यांनी वॉकर, वर्षाने काठी. पाऊल अजून नीट उठत नाही, त्याला प्लास्टिकची पट्टी लागते. लघवीचं सगळ्यात मागे राहिलं, बहुतेकांचं तसंच होतं. दिवसातून चार-पाच वेळा ते स्वतःच पातळ नळी घालून मूत्राशय रिकामं करतात, हात साबणाने धुऊन, घड्याळ लावून. भरल्याची खबर वर पोचतच नाही, म्हणून घड्याळ. शिकवताना ते शरमेने लाल झाले होते, आता चहा गाळावा तितक्या सहज करतात.

हल्ली कुठल्या लग्नाला जायचं असलं की त्यांचा फोन येतो. कार्यालय कोणतं ते सांगतात आणि मी आधी कधी तिथे गेले असेन तर दोनच गोष्टी विचारतात: पायऱ्या किती आहेत, आणि बाथरूमची कडी आतून लागते का.